फिरकीची मॅच

हातात आलेली कुठलीही गोल वस्तू तो आधी फिरवायचा. कॅन्टीनमधलं लिंबू असो, बेअरिंगमधली गोळी असो की कुणी दिलेला पेरू. दोन बोटांत धरून वर उडवायचा, गरगरत खाली आली की झेलायचा आणि मगच पुढचं काय ते करायचा. सिल्वासाजवळच्या सायली गावातल्या आमच्या कारखान्यात त्याचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. बाकी सगळ्यांसाठी तो फिरकी.

पारोळ्याकडचा, दहावी पास. गावच्या सात-आठ जणांबरोबर सिल्वासाला आला आणि पॉवर प्रेसवर लागला. पत्रा साच्यात ठेवायचा, पायाने पेडल दाबायचं, वरून ठोका पडला की माल काढायचा. मी नाशिकहून डिप्लोमा करून आलेला, त्याच्या पाळीचा सुपरवायझर. रविवारी मात्र साहेब तो. कारखान्यांच्या टीमच्या मॅचेस व्हायच्या आणि माझ्या हातून कॅच सुटला की सगळ्यांदेखत ओरडायचा, "साहेब, झोपले का?" सोमवारी पुन्हा खालमानेने, "गुड मॉर्निंग, साहेब."

"घाईवाल्याले बॉल वर टाकायचा. तो आपोआप पुढं येतो," असं तो सांगायचा. शेजारच्या गलोंडा गावच्या टीमचा धिप्पाड कप्तान त्याने सलग तीन मॅचमध्ये असाच स्टंप करवला. चौथ्या वेळी कप्तानाने मॅचआधीच वडापाव आणून दिला, "आज तरी राहू दे," म्हणाला. फिरकीने वडापाव खाल्ला आणि पहिल्याच बॉलवर त्याला घरी पाठवलं.

शहाण्णवच्या जानेवारीत मालाची घाई होती. प्रेसला जाळीचा गार्ड असायचा. तो पुरता बंद झाल्याशिवाय ठोका पडत नसे, आणि त्यात वेळ जायचा. "काढून टाका," मॅनेजरसाहेब म्हणाले. मी फिटरला सांगून काढायला लावला. फिरकीने एकदाच विचारलं, "साहेब, बिनगार्डचं?"

"आठवड्याचाच प्रश्न आहे," मी म्हणालो.

पाचव्या दिवशी त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. अंगठ्याशेजारचं आणि मधलं.

दवाखान्यात कागद घेऊन मीच गेलो. गार्ड कामगाराने स्वतःच्या मर्जीने काढला होता, असं त्यात लिहिलेलं होतं. नोकरी राहील, हलकं काम मिळेल, असं सांगायला मला सांगितलं होतं, मी सांगितलं. त्याने कागद वाचायला मागितला नाही. मीही दिला नाही. उजवा हात बँडेजमध्ये होता, म्हणून मी शाईचं पॅड पुढे केलं. तेव्हा मात्र त्याचा चेहरा पडला.

"दहावी पास मानसाचा अंगठा घेता, साहेब?"

फेब्रुवारीत वर्ल्ड कप होता. मुंबईच्या मॅचची दोन तिकिटं मॅनेजरसाहेबांनी माझ्या टेबलावर ठेवली. "त्याला घेऊन जा. त्या दिवशी फॅक्टरी इन्स्पेक्टर येतोय अपघाताच्या चौकशीला. हा इथे दिसायला नको." मी तिकिटं घेतली. फिरकीला दाखवली तेव्हा त्याचे डोळे भरून आले. "कंपनीनं माझ्याकरता?"

वापीहून आम्ही गाडी पकडली. मुंबईपर्यंत तो खिडकीशी बसून दोन्ही टीममधल्या एकेका खेळाडूबद्दल बोलत होता. जन्मभर मॅच रेडिओवर नाहीतर पानाच्या गादीवरच्या टीव्हीत पाहिलेली. स्टेडियमच्या पायऱ्या चढून मैदान दिसलं आणि तो पायरीवरच थांबला. "गवत इतलं हिरवं ऱ्हातं?" एवढंच म्हणाला. मॅच सुरू झाल्यावर मात्र आमचा स्पिनर पुढे काय टाकणार, हे तो आधीच सांगायला लागला. चार-पाच बॉल बरोबर निघाले, तशी आमची अख्खी रांग त्याच्याकडे कान लावून बसली. चौकार गेला की तो डाव्या हाताने मांडीवर थाप मारायचा. शेजारच्या गुजराती काकांनी ठेपले पुढे केले आणि विचारलं, "तमे पण रमो छो?" तुम्हीही खेळता का?

त्याने उजवा हात अंगावरच्या शालीत ओढून घेतला. "रमतो हतो," म्हणाला. खेळायचो.

मी ठेपला चावत मैदानाकडे बघत राहिलो.

भारत हरला. परतीच्या गाडीत फिरकी मलाच समजावत होता, "हारजीत चालूच ऱ्हाते, साहेब. आपन डोळ्यांनी पाह्यलं ना?"

दुसऱ्या दिवशी प्रेसवरच्या पोरांनी त्याला सांगितलं. तो सरळ माझ्याकडे आला. "इन्स्पेक्टर माझं नाव घीसन इचारत व्हता म्हने. 'हात बरा आहे, मॅच पाहाले गेला,' असं सांगितलं त्याले. साहेब, तुमाले माहीत व्हतं?"

"नाही," मी म्हणालो.

हलकं काम मेपर्यंत टिकलं. मग 'गरज नाही' म्हणून त्याला काढलं. भरपाईसाठी तो लेबर ऑफिसात गेला, तर त्याच्यासमोर तोच कागद ठेवला गेला. तो माझ्या खोलीवर आला. "साहेब, एक ओळ लिहून द्या. गार्ड कंपनीनं काढला, इतलंच." माझी नोकरी अजून पक्की झाली नव्हती. "बघतो," म्हणालो. आणखी दोनदा आला. दोन्ही वेळा मी तेच म्हणालो. नंतर आला नाही.

तो कायमचा गावी चाललाय असं कळलं, तेव्हा मी त्याच्या चाळीवर गेलो. का गेलो, मला आजही नीट सांगता येणार नाही. भांडी पोत्यात भरून झाली होती. मला पाहून त्याने उठून मला बसायला गादीची वळकटी पुढे सरकवली. त्याची बायको सुमन दारात उभी होती.

"भाऊ," ती म्हणाली, "मॅचच्या दिवशी तुम्ही यांच्या शेजारीच बसेल व्हते ना? दिवसभर?"

"हो."

"आन् तुमाले एक डावबी सांगावंसं वाटलं नही?"

"जाऊ दे ना," फिरकी घाईघाईने म्हणाला. तिच्या प्रश्नाने माझ्यापेक्षा तोच जास्त ओशाळला असावा. "साहेबांनी वर्ल्ड कप दाखवला आपल्याले."

पोतं खांद्यावर घेऊन तो निघाला आणि सवयीने मी उजवा हात पुढे केला. त्याने एक क्षण त्या हाताकडे पाहिलं. मग पोतं खाली ठेवून, मोकळा झालेला आपला डावा हात त्याने माझ्या हातात दिला.