मोळी खाली ठेवून

नव्वदच्या सुमारास मला फोटोंचा नाद लागला होता. रविवारी कॅमेरा घेऊन मी बदलापूरच्या बाजारात हिंडायचो. एकदा बारवी धरणाकडच्या वाडीतली एक बाई डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन येताना दिसली. मी कॅमेरा डोळ्याला लावताच ती थांबली.

"मोलीचा फोटू कशाला? माजा काढ!"

तिने मोळी खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं, केस सारखे केले आणि थेट माझ्याकडे पाहत ताठ उभी राहिली. मी पुढे शेकडो लोकांचे फोटो काढले, पण इतक्या हक्काने कुणी उभं राहिलं नाही.

पुढच्या रविवारी मी तिला फोटो नेऊन दिला. तिने तो बराच वेळ निरखला. मग शेजारच्या भाजीवालीपुढे धरून म्हणाली, "बघ, अशी हाय मी."