अलीकडचा बाबा

आमच्या घरात पहिली पदवी माझी. बी.ए., इतिहास. हे मी कुठंही सांगतो आणि आवाज न दबवता सांगतो, कारण आमच्या मागच्या सगळ्या पिढ्या मेंढरांमागं चालल्या आणि त्यांच्या चालण्यावरच माझी फी भरली गेली. पण पदवी मिळाली म्हणून बोलता येतं असं नाही. बोलायला मला आमच्या मंडळानं शिकवलं.

गोदाकाठच्या आमच्या भागात पेशव्यांची आणि निजामाची मोठी लढाई झाली होती. आज तिथं ऊस आणि कापूस उभा असतो. पण नांगराला अजून कधी शिशाची गोळी लागते, कधी घोड्याचा नाल. त्या वस्तू भंगारात जाऊ नयेत म्हणून गावातल्या काही माणसांनी मंडळ काढलं आणि जुन्या शाळेच्या दोन खोल्यांत संग्रहालय मांडलं. पगार कुणालाच नाही. झाडू ज्याच्या हाताला लागेल त्यानं मारायचा.

मंडळाचे अध्यक्ष निवृत्त गुरुजी. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी काय शिकलास, कुणाचा कोण, काही विचारलं नाही. हातात वेताची छडी दिली आणि म्हणाले, "पाहुणे आल्यात. नकाशा सांग." माझी बोबडी वळली. तरी त्यांनी छडी परत घेतली नाही. त्यांचे उपकार मी त्या दिवसापासून मानतो.

हा नकाशा म्हणजे पडवीतली वाळू. निळ्या पत्र्याची पट्टी ही गोदावरी, ज्वारीचे दाणे ही पेशव्यांची फौज, तुरीचे दाणे ही निजामाची. चिमण्या आठवडाभर दोन्ही फौजा खातात, म्हणून दर रविवारी लढाई नव्यानं मांडावी लागते. छडी फिरवत मी सांगायचो, "ही आपली फौज. हा शत्रू." सगळे तसंच सांगायचे.

आता आमच्या घरातली एक रीत सांगितली पाहिजे. एसटीत असो की जीपमध्ये, शहागडचा पूल आला की आमच्यातलं थोरलं माणूस भाकरीचा तुकडा नदीत टाकतं आणि म्हणतं, "चल रं बाबा, पलीकडं." पितरांच्या पंधरवड्यातही या बाबाचं पान वेगळं असतं. त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. सगळे म्हणतात, अलीकडचा बाबा. मी आपला अलीकडचा म्हणजे हल्लीचा समजत होतो, पणजोबांच्या आगेमागे होऊन गेलेला कुणीतरी. एकदा विचारलंही होतं, तर उत्तर आलं, "आपल्यात हाय तसं."

माझी आत्या उमापूरला दिलेली. एका रविवारी ती मुद्दाम संग्रहालय बघायला आली. भाचा मास्तरासारखा छडी घेऊन बोलतो हे तिला डोळ्यांनी बघायचं होतं. त्या दिवशी गुरुजी होते आणि आप्पाही होते. आप्पा म्हणजे गावातले मोठे जमीनदार. त्यांचा पूर्वज पेशव्यांकडून लढला, आणि त्यांच्या घरची तलवार संग्रहालयात पहिल्याच कपाटात आहे. दर श्रावणात मंडळ नदीकाठच्या चौथऱ्यावर लढाईत पडलेल्यांना नैवेद्य दाखवतं. ते पुरणपोळीचं पान आप्पांच्या घरून येतं.

मी नकाशा सांगायला लागलो. "नदीला पाणी चढलेलं. निजाम अर्धी फौज घेऊन पलीकडं उतरला." अर्धे तुरीचे दाणे मी पट्टीपलीकडं सरकवले. "बाकीची अलीकडंच राहिली. सामान, बैल, शेरडं-मेंढरं, सगळं अलीकडं. अन् तेवढ्यात आपली फौज आली."

आत्या खाली वाकली.

"अलीकडं ऱ्हायले ते?"

"हो."

"म्हंजी आपल्या अंगाला?"

"हो आत्या, ह्याच काठाला. पलीकडं जाता आलं नाही त्यांना."

तिनं अलीकडच्या तुरीतला एक दाणा उचलला आणि तळहातावर धरला. "आरं लेकरा, मग ह्यो आपला अलीकडचा बाबा न्हाई का? फौजंच्या मेंढरामागं गेलता, त्यो माघारी आलाच न्हाई, आसं म्हातारी सांगायची. कोणती फौज ते काय तिला म्हाईत न्हवतं."

मी छडी खाली ठेवली. इतकी वर्षं जो शब्द मी हल्लीचा म्हणून ऐकत होतो, तो नदीचा शब्द होता. आमची माणसं पुलावरून तुकडा टाकून एका माणसाला पलीकडं नेऊ बघत होती.

आत्याचं मन तिथंच ठरलं. ती गुरुजींना म्हणाली, "भाऊ, श्रावणात तुमी पान दावता, त्यात आमच्या बाबाचं बी लावा. घरी लावतो आमी, पण त्यो घरी मेला न्हाई. हितं मेला."

गुरुजींनी आप्पांकडं बघितलं. आप्पा खुर्चीत सरकून बसले.

"आवो बाई, पण ते तिकडून व्हते. शत्रूला निवद कावून दाखवायचा?"

"शत्रू? त्यो मेंढरं राखत व्हता. मेंढरं कोणाकडून व्हती?"

गुरुजींना हसू आवरेना. आप्पा चिडले. "पुरावा काय पण? कागद-बिगद हाय का?"

"तुमच्या बाबाचा हाय?"

"आमची तलवार हाय!"

"आमचं तोंड हाय."

"ते दिसतंय की," आप्पा म्हणाले. "पण जो त्यो उठून पान मागाया लागला तर काय गावजेवण घालू नदीवर?"

आत्याचा चेहरा उतरला. दाणा अजून मुठीतच होता. मोठ्या माणसांपुढं, आत्या सोडली तर, आमच्या घरात कुणी बोललेलं नाही, आणि आप्पांपुढं तर मीही कधी बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो.

"आप्पा, मी दर रविवारी हितं उभा राहून आपली फौज, आपली फौज म्हणतो. माझा आपला माणूस तर तुरीत निघाला. आता मी काय म्हणू, ते तुम्हीच सांगा."

आप्पा उठले, बुलेटला किक मारली आणि गेले. मला वाटलं, संपलं. गुरुजी एवढंच म्हणाले, "मांडणी चांगली केलीस." नकाशाबद्दल म्हणाले की बोलण्याबद्दल, ते मी विचारलं नाही.

श्रावणातल्या कार्यक्रमाला आत्या आली ती पदरात काहीतरी झाकून. पान लागलं नाही तर लांब उभं राहून, आपल्या हातानं वाळूवर ठेवून जाणार होती. मंडळी चौथऱ्यापाशी जमली. आप्पा टोपली घेऊन आले आणि फडकं काढलं. आत दोन पत्रावळी. एकीवर पुरणपोळी, भात, तूप. दुसरी रिकामी.

आप्पा आत्याकडं न बघताच म्हणाले, "तुमच्या बाबाला काय चालतं ते मला काय म्हाईत? तुमीच वाढा."

आत्यानं पदराखालचं काढलं. ज्वारीची भाकरी, हुलग्याचे शेंगोळे, कांदा. दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली. सगळ्यांनी हात जोडले. आप्पांनीही दोन्हीपुढं जोडले, ते मी बघितलं.

आम्ही मागं सरतो न सरतो तोच एक धनगरी कुत्रं आलं. त्यानं आधी पुरणपोळीला तोंड घातलं.

"बघा," आप्पा म्हणाले, "आमचंच आधी."

"आमच्या बाबाचं कुत्रं हाय ते," आत्या म्हणाली. "त्यानंच धाडलं आसंल, शेजारच्याला काय वाढलंय बघ म्हणून."

आप्पा असे हसले की त्यांना चौथऱ्यावर बसावं लागलं.

आता मी नकाशा सांगताना ज्वारी ही पेशव्यांची फौज आणि तूर ही निजामाची, एवढंच म्हणतो. कुणी विचारलंच, आपले कुठले, तर दोन्ही दाणे हातावर घेऊन दाखवतो. मंडळात त्याला कुणी हरकत घेतली नाही. मला बोलायला शिकवलं ते या लोकांनी, आणि बोललो तेव्हा ऐकूनही घेतलं. हे सगळीकडं मिळत नाही, हे मला कळतं.

मागं जालन्याला एका लग्नाला निघालो होतो. शहागडचा पूल आला. सवयीनं मी आत्याकडं भाकरीचा तुकडा दिला. तिनं तो घेतला आणि खाऊन टाकला.

"टाकायचा न्हाई?"

"कशाला आता त्याला पलीकडं न्यायचं?" ती म्हणाली. "अलीकडंच बरा हाय त्यो. माणसात हाय."