पाळणाघरातलं दूध

बायको वारल्यापासून चहा मीच करतो. सकाळी दूध करपलं आणि त्या वासानं घरात बसवेना.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आम्ही राहायचो त्या तुर्भ्याच्या वस्तीत बाहेरगावच्या गरिबांसाठी केंद्र होतं, त्यातच पोरांचं पाळणाघर. बायको गाठोडं बांधून कायमची साताऱ्याला निघालेली. "इथं माझं कोण हाय?" म्हणाली, आणि केंद्रातल्या ताईंचा निरोप घ्यायला गेली. पाळणाघरात हाच वास सुटलेला. ताईंनी एक रडतं तमिळ पोर तिच्या हातात कोंबलं. "वहिनी, धरा जरा, दूध लागलं!"

संध्याकाळी हमाली करून येताना मी डोकावलो, तर पोर तिच्या मांडीवर झोपलेलं.

"एस्टी गेली की तुझी!"

"हळू बोला, उठंल ते. उद्याबी बोलावलंय मला."

ती गावी गेली असती तर संसार तिथंच मोडला असता, हे आता कळतंय. तवा मला नुसती भूक लागलेली.