वास येतो का?

आमच्या घरात 'माहीत नाही' असं सरळ म्हणणारं एकच माणूस आहे, ते म्हणजे माझी बायको. तिला पगारही बहुधा त्याचाच मिळतो. ती संख्याशास्त्रज्ञ आहे. कुठलं औषध खरंच लागू पडतं आणि कुठल्याची नुसती हवा आहे, हे तपासायच्या चाचण्या ती आखते. निम्म्या रुग्णांना औषध द्यायचं, निम्म्यांना तसंच दिसणारं नकली द्यायचं, आणि कुणाच्या वाट्याला काय ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसं कॉम्प्युटरने ठरवायचं. तिच्या माहेरी या कामाला 'नाणं उडवणं' म्हणतात. नाणं उडवायला एवढं शिकावं लागतं, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत पटलं नाही.

मी शाळेत भूगोल शिकवतो. साथीच्या दिवसांत मी घरी बसून स्क्रीनवरच्या काळ्या चौकोनांना नद्या शिकवत होतो. एखादा चौकोन मधूनच खोकायचा, तेवढीच वर्गात जाग.

त्या दिवसांत डॉक्टर सोडून सगळेच डॉक्टर झाले होते. डॉक्टर बिचारे गोंधळलेले होते. श्वासाचा आजार, खात्रीचा इलाज कुणाकडेच नाही, त्यामुळे कफ पातळ करायचं एक जुनं औषध अचानक भाव खाऊन गेलं. वाफेच्या यंत्रातून ओढायचं ते औषध वर्षानुवर्षं दुकानांत धूळ खात पडलं होतं. त्याने माणसं उठून बसतात असं कुणीतरी कुठेतरी म्हणालं, आणि ते मिळेनासं झालं. बायकोच्या हॉस्पिटलचे विभागप्रमुख तर टीव्हीवर जाऊन आले. गुण येतो हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं. ज्यांना दिलं नाही त्यांचं काय झालं, असं बायकोने दुसऱ्या दिवशी विचारलं. प्रमुख म्हणाले, असं कुणी नाहीच, मी सगळ्यांना देतो. शर्यतीत एकटंच धावून पहिलं आल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता, असं ती घरी येऊन म्हणाली.

पुढे वरूनच आदेश आला की नीट चाचणी करा. मग प्रमुखांनी मोठ्या मनाने परवानगी दिली.

अडचण निघाली वासाची. त्या औषधाला जळक्या रबराचा वास होता, आणि त्यावर नासक्या अंड्याची फोडणी. नकली म्हणून द्यायचं मिठाचं पाणी मात्र सोज्वळ, बिनवासाचं. म्हणजे यंत्र सुरू झालं की अख्ख्या वॉर्डाला कळणार, कुणाला खरं आणि कुणाला खोटं. खरं मिळालेला माणूस त्या आनंदातच दोन घास जास्त खातो, नकलीवाला हाय खातो, आणि डॉक्टरही नकळत त्याच चष्म्यातून बघतात. म्हणून हॉस्पिटलची औषधवाली आणि माझी बायको, दोन सुशिक्षित बायका, पाण्याला घाण वास आणायच्या मागे लागल्या. वास हवा, पण अपाय नको.

तपासायला नाक हवं होतं, ते माझं. ती रोज तीन बाटल्या आणायची. दोन एकसारख्या, एक निराळी. निराळी कुठली ते मी सांगायचं. सुरुवातीला मी पटकन ओळखायचो आणि तिचं तोंड उतरायचं. मग एकदा मी चुकलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा चुकलो. माझ्या चुकण्याने ती इतकी खूश झाल्याचं आमच्या संसारात त्याआधी कधी घडलं नव्हतं.

चाचणी सुरू झाली. कुणाला काय मिळतंय हे नर्सला ठाऊक नाही, डॉक्टरांना नाही, रुग्णाला नाही आणि माझ्या बायकोलाही नाही. कुणाला काय दिलं त्याची यादी, म्हणजे सगळ्याची किल्ली, दुसऱ्याच गावच्या एका ऑफिसात बंद. आपणच कुलूप लावायचं आणि आपणच किल्ली दूर फेकायची, असा तो प्रकार.

आणि नेमका तेव्हाच माझा मेहुणा आजारी पडला. आम्ही त्याला दादा म्हणतो. त्याचं टायरचं दुकान आहे, आणि गावात अशी कचेरी नाही जिथे त्याची ओळख नाही. त्याला त्याच हॉस्पिटलात, त्याच वॉर्डात जागा मिळाली. चाचणीत भाग घेणार का, असं विचारल्यावर त्याने न वाचताच सही ठोकली. आपल्या घरचंच आहे, असं तो शेजारच्या खाटेला म्हणाला म्हणे. बायकोने लगेच वर कळवलं की हा माझा सख्खा भाऊ, याच्या कागदांपासून मला लांब ठेवा. तसं ठेवलंही. आमच्या घराण्यात ओळखीचा असा उलटा उपयोग करणारी ती पहिलीच.

वहिनी रोज फोन करून दादाला एकच विचारायच्या, "वास येतो का?" वॉर्डात सगळ्यांच्याच घरचे हेच विचारत होते. वास आला तर औषध खरं, ही बातमी कुठून फुटली देव जाणे. आणि दादाला वास येत नव्हता. येणार कुठून? त्या आजारात आधी नाकच बंद पडायचं. पाण्याला घाण वास आणायला ज्यांनी रक्त आटवलं, त्यांना या नाकांची आठवण राहिली नव्हती. नाक शाबूत असलेले सगळे स्वतःला खऱ्या औषधाचे मानकरी समजू लागले, बाकीचे भिंतीकडे तोंड करून पडले. बायकोने कपाळाला हात लावला. हिशेब बिघडत नाही, म्हणाली, कारण नाक दोन्ही बाजूंना सारखंच बंद आहे. पण माणसं खचतात ते मी धरलंच नव्हतं, असंही तीच म्हणाली.

एका दुपारी ती भाजी चिरत होती. दादाचा फोन आला, तो तिने स्पीकरवर टाकला. एकेका शब्दाला धाप.

"छोटे, मला खरंच दिलंय ना औषध?"

"माहीत नाही, दादा."

"अगं, तूच केलंयस ना सगळं?"

"मलाही कळू नये असंच केलंय."

तो म्हणाला, "नुसतं हो म्हण. एकदा."

मी खुणेने सांगितलं, म्हण. तिने माझ्याकडे पाहिलं, सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, "माहीत नाही रे."

त्याने फोन ठेवला. मी भडकलो. तुझं काय जात होतं, असं विचारलं. ती म्हणाली, त्या वॉर्डात सगळ्यांनाच बहिणी आहेत, त्यांना कोण हो म्हणतंय? एवढं बोलून ती रडायला लागली. चिरायला कांदा नव्हता, दुधी होता, त्यामुळे तीही सबब नव्हती. मला तिचा संताप आला होता, आणि तिला जवळ घेतल्याशिवाय राहवतही नव्हतं.

पुढचे काही दिवस दादाला लावलेला ऑक्सिजन वाढवतच न्यावा लागला. वहिनींनी फोनवर सुनावलं, "वन्सं, यांना काही झालं तर पुन्हा तोंड दाखवू नका." मग कसा कोण जाणे, दादा सावरला. घरी आला, दुकानात बसला आणि आमच्याशी बोलणं टाकलं. गिऱ्हाइकाला टायर दाखवता दाखवता तो सांगायचा की सख्ख्या बहिणीने नुसतं पाणी दिलं, तरी मनाच्या जोरावर उठलो. हळूहळू त्याला मनाच्या जोरावर भाषणं द्यायला बोलावणी येऊ लागली. आजारापेक्षा भाषणांनीच त्याचं वजन वाढलं.

काही महिन्यांनी किल्ली उघडली. निकाल: फरक नाही. औषध घेतलेले आणि पाणी घेतलेले सारखेच बरे झाले, सारखेच गेले. औषध बंद झालं. मला पहिल्यापासूनच शंका होती, असं विभागप्रमुखांनी टीव्हीवर सांगितलं. त्याच टीव्हीवर.

ज्यांना हवं त्यांना आपल्याला काय मिळालं होतं ते कळणार होतं. दादाने माझ्याकडून निरोप धाडला की मला पाणीच दिलं होतं हे तिने चार माणसांत कबूल करावं. बायकोने किल्लीवाल्या ऑफिसातून त्याचं उत्तर मागवलं, त्या तीन बाटल्या पिशवीत घातल्या आणि आम्ही दुकानात गेलो.

दादाने तिच्याकडे पाहिलंही नाही. तिने बाटल्या ओळीने मांडल्या आणि यात खरं औषध एकातच आहे, ओळख, म्हणाली. त्याचं नाक आता ठणठणीत होतं, आणि रबराच्या वासात त्याचा जन्म गेला होता. त्याने तिन्ही हुंगल्या, पुन्हा हुंगल्या आणि एक उचलून म्हणाला, "ही."

"ते पाणी आहे," ती म्हणाली. "तुला पाणी नव्हतं दिलं, दादा. खरं औषध होतं."

तो ती बाटली हातात धरून बसला. बहिणीवरचा राग आणि मनाच्या जोरावरचं भाषण, दोन्ही एकदमच हातचं गेलं होतं. मला हसू आवरत नव्हतं, पण मी टायरांचे आकडे वाचत उभा राहिलो.

"आणि त्याचा उपयोग नाही म्हणतेस?"

"नाही."

"मग मी बरा कशाने झालो?"

"माहीत नाही."

"त्या दिवशी हो म्हणाली असतीस," तो हळूच म्हणाला, "तर ते खरंच निघालं असतं."

"हो. पण तेव्हा मला माहीत नव्हतं."

मग दादाने विचारलं, "मी जाईन असं वाटलं होतं तुला?"

"हो," ती म्हणाली. एका क्षणाचाही विचार केला नाही तिने. "रोज वाटायचं."

दादाने बाटली खाली ठेवली, काळे हात फडक्याला पुसले आणि तिच्यासाठी स्टूल पुढे ओढलं.