घरच्यासारखं ठेवलं होतं

पाण्याचा जग वहिनींनी सिंकमध्ये रिकामा केला आणि जगच कचऱ्याच्या पिशवीत टाकला. पाहुण्यांसमोर. मी त्यातून ग्लासभर पाणी घेतलं होतं. एवढाच गुन्हा.

"पूजेच्या दिवशी तरी हिला आवरा," त्या साहेबांना म्हणाल्या. साहेबांनी माझा दंड धरला, मागच्या डेकवर ढकललं आणि काचेचं सरकतं दार आतून लावलं. शिकागोजवळच्या नेपरव्हिलचा जानेवारी. पायात स्लीपर. आत सत्यनारायणाची आरती सुरू झाली. मी काच वाजवत होते आणि ते टाळ्या वाजवत होते. इथल्या मराठी मंडळातले ज्येष्ठ काका दाराजवळच उभे होते. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग मान फिरवून पुढचं कडवं म्हणायला लागले.

साहेबांच्या आजारी आईचं करायला मला विदर्भातून आणलं होतं. पासपोर्ट पहिल्याच दिवशी त्यांच्या लॉकरमध्ये गेला. सुट्टी नाही, बाहेर जायचं नाही. कुरकुर केली की गावी माझी आई कुठे राहते याची आठवण करून द्यायचे. म्हातारीचं हगणंमुतणं काढायला माझे हात चालायचे. पाण्याला चालायचे नाहीत.

शेजारच्या गोऱ्या आजीने खिडकीतून मला बघितलं. तिने येऊन अंगावर कोट टाकला आणि पोलिसांना फोन केला. त्या घरात मी परत गेले नाही.

पुढे शिकागोच्या फेडरल कोर्टात ग्रँड ज्युरीपुढे साक्ष द्यायची वेळ आली. माझ्या वकीलबाईंनी समजावलं. ही सामान्य नागरिकांची ज्युरी कोणाला दोषी ठरवत नाही. आरोप ठेवण्याइतका पुरावा आहे का, एवढंच ठरवते. तिला पटलं नाही, तर प्रकरण तिथेच संपू शकतं.

ही बातमी मंडळात कशी पोचली कोण जाणे. चर्चच्या तळघरात माझा इंग्रजीचा वर्ग असतो, तिथे ते काका आले. काकूंनी पुरणपोळ्या दिल्या होत्या, दह्याच्या रिकाम्या प्लास्टिक डब्यात. डबा परत करू नकोस, म्हणाले. त्यांच्या घरी स्टीलच्या डब्यांची रांग आहे. माझ्या हातात गेलेला डबा त्यांना परत नको होता, हे मला कळलं.

"हे बघ बेटा, इश्यू वाढवू नकोस," ते म्हणाले. "त्याचं करिअर संपेल, मुलं कॉलेजला आहेत. तू तिथे एवढंच म्हण, घरच्यासारखं ठेवलं होतं. बाकीचं आम्ही बसून मिटवतो. आणि गावी तुझी आई एकटी असते ना?"

आईचं नाव त्यांनी अगदी मायेने काढलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण त्या दिवशी मी त्यांना दारापर्यंत पोचवून आले. वयाने मोठा माणूस. ही सवय हाडात मुरलेली.

ज्युरीच्या खोलीत वीसेक माणसं होती. जज नाही. साहेब नाहीत, त्यांचे वकील नाहीत; प्रश्न विचारायला फक्त सरकारी वकील. माझ्या वकीलबाईसुद्धा दाराबाहेर. आयुष्यात पहिल्यांदा मालक समोर नसताना मी बोलत होते. मी सगळं सांगितलं. दुभाषी बाई ते इंग्रजीत सांगत गेल्या.

चेक्सचा शर्ट घातलेल्या एका ज्युरर माणसाने हात वर केला. डेकवरून उतरून समोरच्या बाजूने निघून का गेली नाहीस? कोणी बांधून तर ठेवलं नव्हतं. त्याच्या पायात जाडजूड बूट होते.

"कुठे जाऊ?" मी म्हणाले. "पासपोर्ट त्यांच्याकडे. पायात स्लीपर. बाहेर बर्फ. आणि माझ्या आईचं घर गावाकडच्या त्यांच्या भावाला ठाऊक."

त्याने आपले बूट खुर्चीखाली ओढून घेतले. मग सरकारी वकिलांनी विचारलं, काय बोलायचं हे तुला कोणी सांगितलं होतं का?

काकांना वाटलं होतं, ज्युरी म्हणजे गावातली पंचमंडळीच. चार मोठी माणसं बसली की मिटतं. साक्षीदाराला असं पढवणं इथे स्वतःच गुन्हा ठरू शकतो, हे इतकी वर्षं इथे राहून त्यांच्या गावी नव्हतं. माझ्याही नव्हतं. पण तो प्रश्न आला आणि मला पुन्हा ती काच दिसली. काचेपलीकडचं त्यांचं तोंड दिसलं.

"हो," मी म्हणाले. काकांचं पूर्ण नाव सांगितलं. ते काय बोलले ते शब्दन् शब्द सांगितलं. पूजेच्या दिवशी ते दारापाशी उभे होते, हेही सांगितलं.

साहेबांवर आणि वहिनींवर आरोप ठेवले गेले. काकांचीही चौकशी चालू आहे. मंडळात म्हणतात, हिने परदेशात मराठी माणसाची अब्रू घालवली. मी काचेबाहेर कुडकुडत होते तेव्हा ही अब्रू आत प्रसाद खात होती. आई आता मामाकडे राहते. घाबरली आहे. मीही घाबरले आहे. तरी माघार नाही.

आता खटला उभा राहील. त्या खोलीत साहेब नव्हते, कोर्टात असतील. वहिनी असतील. काका असतील. असू देत. साक्षीदाराच्या टेबलावर पाणी ठेवतात म्हणे. मी त्यांच्यासमोर ते पाणी पिईन आणि मग त्यांच्याकडे बघत पहिल्यापासून सगळं सांगेन.