चंद्रावतीबायने पट्टी लावली नाही

गोकुळदासबाब अजूनही पेडण्याच्या बाजारात भेटले की म्हणतात, "शालिनीबाई, तुमच्या चंद्रावतीने जपानात आपलं नाक कापलं." मी दर वेळी सांगते, कापलं असेल तर तुमचं कापलं, आमचं जागेवर आहे. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी माझं वागणंही काही तुमच्यापेक्षा बरं नव्हतं, असंही सांगते. मग ते भाजीकडे बघत पुढे जातात.

चंद्रावतीबाय आमच्या धारगळची. नवरा डिचोलीच्या खाणीवर टिपर चालवायचा. टिपर उलटला आणि तो गेला, तेव्हा ही सव्वीस वर्षांची होती. पोरबाळ नाही. दिरांनी घराची एक खोली दिली आणि उपकार केल्यासारखं तोंड केलं. हिने कोणाच्या तोंडाकडे बघितलं नाही. मिरचीची लागवड केली, धारगळच्या हमरस्त्यावर भाजी घेऊन बसली, स्वतःचं पोट स्वतः भरलं. दहा वर्षं अशी गेल्यावर एका चवथीला, गणपतीसमोर बायका फुगडी घालत होत्या तिथे, ही पदर खोचून आत शिरली. विधवा बाई फुगडीत! सगळ्यांचे पाय जागच्या जागी थांबले. थोरली जाऊ बोलायला लागली, तर ही म्हणाली, "घोव माझो मेलो, पाय नाय मेले." कोणीच हात देईना. मी शाळामास्तरीण, मला गावात कोण काय बोलणार, म्हणून मी हात दिला. खोटं कशाला बोलू, देताना मीही चरकले होते. पण बाई अशी काही फिरली की माझे हात खांद्यातून निखळायचे तेवढे राहिले.

तिथून आमचा फुगडीचा मेळ झाला. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्याच्या दुसऱ्या वर्षी गोकुळदासबाब निरोप घेऊन आले. ते खाणकंपनीत होते. आमचं खनिज जिथे जायचं, त्या जपानी बंदराच्या गावात काही उत्सव होता, आणि गोव्यातून बायकांचा नाच हवा होता. आठ बायका, खर्च कंपनीचा. कागदावर गाण्यांची भाषा काय लिहायची, कोकणी की मराठी, यावरच त्यांनी आठवडा घालवला. दिवसच तसे होते, भाषेवरून सख्खे शेजारी एकमेकांच्या घरचा चहा पीत नव्हते. शेवटी चंद्रावतीबाय त्यांना म्हणाली, "गोकुळदासबाब, तुमी फुगडी लिवा आनी गप रवा." त्यांनी तसंच लिहिलं.

नोव्हेंबरचा महिना. तिथली थंडी म्हणजे काय सांगू, पहिल्याच दिवशी हाडं बोलायला लागली. चंद्रावतीबायचे गुडघे धरले. एरवी कुरकुर करणारी बाई नव्हे, पण जिना उतरताना कठडा धरायची ते मी बघत होते. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम होता. त्याच्या आधी पाहुण्यांचा मान म्हणून आम्हाला डोंगरातल्या प्रवाशांच्या एका उतारघरात नेलं. तिथे जमिनीतून कढत पाणी येतं, त्याचं मोठं कुंड बांधलेलं, आणि बायकांनी त्यात सगळ्यांनी मिळून बसायचं. अंगावर चिंधीही न ठेवता. आमच्या बायकांनी ते ऐकलं आणि पदर डोक्यावर ओढले. चंद्रावतीबाय मात्र हरखली. "सगळी बायलाच मा? मग लज कसली? त्या पान्यात बसलंय तर माझे गुडगे उद्या फिरतले," म्हणाली. तिनेच एकेकीला तयार केलं, दटावून, चेष्टा करून. सगळ्यांच्या आधी साडी सोडून तिथला सुती झगा घालून तीच उभी राहिली.

आणि कुंडाच्या दाराशी उतारघराच्या मालकिणीने आम्हाला अडवलं. साठीची बाई, वाकून नमस्कार करत करत नाही म्हणत होती. आमच्याबरोबर दुभाषी मुलगी होती, ती इंग्रजीत सांगायची आणि गोकुळदासबाब आम्हाला. अडचण गोंदणाची होती. तिकडे गोंदण म्हणजे गुंडांच्या टोळीची खूण, अंगावर गोंदलेलं असेल त्याला कुंडात घ्यायचं नाही असा त्यांचा नियम. आता आमच्यातली एक तरी बाई गोंदणाशिवाय असणार का? कोणाच्या कपाळावर टिकली, कोणाच्या हनुवटीवर ठिपका, माझ्या मनगटावर तुळस. आम्ही आठ जणी गुंड ठरलो.

मालकिणीला आमचा अपमान करायचा नव्हता, हे मला आता कळतं. तिने आत जाऊन औषधाच्या चिकटपट्ट्या आणल्या. गोंदण झाका आणि या, म्हणाली. पट्ट्यांचा रंग कातडीचा होता, पण त्यांच्या कातडीचा. सात जणींनी निमूट लावल्या. कपाळावर पट्टी लावलेल्या त्या बायका बघवत नव्हत्या. सातातली एक मी. पाहुणे आहोत, दुसऱ्याच्या घरी त्याच्या रीतीने वागावं, असं मीच सगळ्यांना शहाणपण शिकवलं.

चंद्रावतीबायने पट्टी हातात घेतली आणि परत दिली.

तिचं गोंदण मोठं होतं. लग्नाच्या वर्षी पेडण्याच्या पुनवेच्या जत्रेत गोंदणारणीकडे बसून घेतलेलं. उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत नवऱ्याचं नाव, आणि भोवती ठिपक्यांची वेल.

गोकुळदासबाबांनी आधी समजावलं, मग विनवलं, मग आवाज चढवला. "अगो बाय, अर्ध्या तासाचा प्रश्न. कंपनीची अब्रू आहे. मागून काढून टाक." ती ऐकून घेत होती. मीही म्हटलं, "लाव गो. गुडघ्यांसाठी लाव."

तेव्हा ती माझ्यावर उखडली. गोकुळदासबाबांवर नाही, माझ्यावर.

"बाई, तुमी सांगतास? तो गेलो त्या दिसा माझी काकना फोडली, गळ्यातले मनी काढले, कुकू पुसला. सगळा गावान काढून घेतला. ह्या तेवढा कोनाक काढूक जमला नाय. आनी आता पान्यात बसूक मियां ता आपल्या हातान झाकू?"

मी माझ्या मनगटावरच्या पट्टीवर दुसरा हात ठेवला.

"तुमी जावा," ती म्हणाली. "मी झाकूचंय नाय. न्हाना नको माका."

आम्ही गेलो. हे लिहिताना लाज वाटते, पण गेलो. पाणी खरंच चांगलं होतं, अंगातली सगळी थंडी ओढून घेणारं. मला मात्र पाच मिनिटंही तिथे बसवेना. तिने हौसेने सगळ्यांना तयार केलं आणि तीच बाहेर राहिली, आणि मी आत बसून गुडघे शेकतेय! ओल्या केसांनीच बाहेर आले.

चंद्रावतीबाय पुढच्या खोलीत चटईवर बसली होती. झग्याची बाही तिने मुद्दाम खांद्यापर्यंत सारली होती, एवढ्या थंडीत. समोर मालकीण, दोघींच्या मध्ये चहा. गोकुळदासबाब कोपऱ्यात तोंड पाडून. मालकीण तिच्या हाताकडे बघत होती. मग तिने दुभाषी मुलीला काहीतरी विचारलं, आणि गोकुळदासबाब कंटाळून म्हणाले, "विचारतात, काय लिहिलंय हातावर."

आणि ते माझ्याकडे बघायला लागले. कारण आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. सणावारी उखाण्यात घेईल तेवढंच, आणि विधवेला कोण उखाणा घालणार? तो गेल्यापासून अठरा वर्षं ते नाव तिच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. रेशनकार्डाच्या वेळी तलाठ्याने विचारलं, तेव्हाही तिने नुसता हात पुढे केला होता आणि त्याने वाचून लिहून घेतलं होतं. गोकुळदासबाब कोपऱ्यातून हलेनात, तेव्हा इथे वाचून सांगणारी मीच होते. मी तोंड उघडलं.

तिने मला हाताने थांबवलं. मालकिणीकडे बघून म्हणाली, "काशिनाथ. माझो घोव."

साधं, सरळ, कोणी भाजीचा भाव विचारावा आणि तिने सांगावा तसं. गोकुळदासबाबांनी मान वर केली.

दुभाषी मुलीने सांगितलं, तशी मालकीण हात जोडून हळू म्हणाली, "काशिनातो." पुढे काहीतरी बोलली. ते दुभाषीकडून आलं ते असं, की मला वाईट वाटतं, पण नियम मोडता येणार नाही.

"नियम तुमचो तुमी सांबाळा," चंद्रावतीबाय म्हणाली. "पन नाव बरोबर घेवा. काशिनाथ."

"काशिनाता."

"नाय. नाथ. काशिनाथ."

"काशिनाथा."

चहा निवून गेला. बाकीच्या बायका कुंडातून आल्या आणि दाराशीच उभ्या राहिल्या. चंद्रावतीबायने मालकिणीला बोटाने हातावरचं एकेक अक्षर दाखवलं आणि म्हणाली, "परत म्हन."