स्टॉपपर्यंतची वाट

बसखात्यात नोकरी केलेल्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप मागच्या दाराने चढतात. माझ्याकडचे बरेचसे एकाच उन्हाळ्यातले आहेत. रिकाम्या धावणाऱ्या बस बंद करायच्या, पण त्याआधी माणसं त्यात का बसत नाहीत ते बघून या, असा हुकूम निघाला. साहेब होते साठे. फॉर्म भरायला मी.

*

सुरुवात सदाशिव पेठेत केली. तिथली बस भरलेली असे, आणि ती का भरते तेही कळायला हवं, असं साठ्यांचं म्हणणं. एका निवृत्त शिक्षिकेला मी फॉर्ममधला प्रश्न विचारला, बससाठी आपल्याला किती चालावं लागतं?

"बससाठी मी चालत नाही," बाई म्हणाल्या. "दळण, भाजी, औषधं आणायला चालते. बस वाटेत येते."

साठ्यांनी ते जसंच्या तसं लिहायला लावलं. रकाना नव्हता, म्हणून फॉर्मच्या मागे लिहिलं.

*

वाघोलीला मोठी सोसायटी, आणि स्टॉप तिच्या भिंतीला चिकटून. तरी बस रिकामी. आयटीतल्या एका मुलीने आम्हाला गॅलरीत नेलं आणि खाली बोट दाखवलं. "सर, बस दिसते, पण मिळत नाही."

गेट पार उलट्या बाजूला होतं. साठे घड्याळ लावून चालत निघाले. स्टॉपवर पोचले ते घामाघूम, आणि बस नुकतीच गेलेली. बस बंद करायच्या कागदावर त्यांनी सही केली नाही. चेअरमनकडे जाऊन भिंतीत एक छोटं दार मागितलं. चेअरमन सिक्युरिटीचं कारण सांगत राहिले; शेवटी त्यांच्याच मिसेस म्हणाल्या, अहो, मलाही हवंय ते.

दार झालं. महिन्याभराने गेलो, तर त्याच बसमध्ये मला उभं राहावं लागलं. नुसत्या एका दाराने! मी थक्क झालो.

*

मांजरीला नव्या प्लॉटिंगमधून एक पायवाट सरळ स्टॉपवर उतरत होती, आणि सकाळी तिच्यावरून माणसांची रीघ. तिथले शेतकरी सोपानराव यांनी ऊस मोडून ही जमीन विकली होती. या वाटेपायी दोन प्लॉट जातात, असं बिल्डर म्हणाला होता. जाऊ द्या म्हणत सोपानरावांनी वाट करारातच लिहून घेतली.

सोपानराव त्या वाटेवरच भेटले. साठ्यांनी विचारलं, "सोपानराव, आपण रोज बसने जाता?"

"मी? मला गाडी लागती. जन्मात एकदाच बसलो, तेबी निम्म्यात उतरलो. मी आपला हडपसरला चालतच जातो." सोपानराव चपला झटकत म्हणाले, "लांब चालणं काय असतं, ते मला ठावं हाय."